ह्रास्तोवल्येच्या छतावरचे बारा महिने

स्लोव्हेनियातल्या ह्रास्तोवल्ये या गावाचं नाव सर्चमध्ये टाकलं की आधी सांगाडेच सांगाडे दिसतात. एका चर्चची फिकट पिवळसर भिंत, तिच्यावर एकामागोमाग एक चाललेली माणसं आणि प्रत्येकाचा हात धरून त्याला पुढे नेणारा एकेक हाडांचा सापळा, म्हणजे ‘मृत्यूचा नाच’. स्लोव्हेनियाच्या गाइडबुकात तेच, पोस्टकार्डावर तेच, टूरवाल्यांच्या जाहिरातीत तेच. आणि ते चित्र खरंच जबरदस्त आहे, त्याबद्दल पुढे लिहिणारच आहे. पण मला ज्याबद्दल मनापासून लिहायचंय ते त्या भिंतीवर नाहीये, ते डोक्यावर आहे. त्याच चर्चच्या बाजूच्या दोन दालनांच्या कमानदार छतावर वर्षाचे बारा महिने काढलेत, त्या त्या महिन्यातल्या कामांसकट. तिथे येणारी बहुतेक माणसं थेट सांगाड्यांकडे जातात, फोटो काढतात, बाहेर पडतात. मान वर करत नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं, कारण या गावाचा हजार-बाराशे वर्षांचा इतिहास मला त्या भिंतीपेक्षा त्या छतावर जास्त दिसला.

आता हे गाव आहे कुठे. स्लोव्हेनियाला समुद्रकिनारा म्हणाल तर जेमतेम 47 किलोमीटरचा, इटली आणि क्रोएशियाच्या मध्ये चिमटीत सापडल्यासारखा. तिथलं मोठं बंदर म्हणजे कोपर. कोपरहून आत रिझाना नदीच्या खोऱ्यात शिरलं की एका बाजूला चुनखडीचे उभे पांढरे कडे लागतात, हा कार्स्टच्या पठाराचा काठ, आणि त्या कड्यांच्या खाली एका छोट्या उंचवट्याभोवती ह्रास्तोवल्ये वसलंय. वस्ती दीडशेच्या आसपास. राखाडी दगडाची घरं, काही नीट डागडुजी केलेली, काही कुलूप घातलेली, उतारावर ऑलिव्हची झाडं, द्राक्षाचे वेल, आणि वर पठारावरून खाली कोसळणारा बुरा नावाचा वारा, जो हिवाळ्यात सुटला की माणसाला सरळ चालू देत नाही. आम्ही तेव्हा सीमेपलीकडे इटलीतल्या त्रिएस्ते शहरात राहत होतो, नवऱ्याला तिथल्या आयसीटीपी या भौतिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय केंद्रात फेलोशिप होती (भारतातून फिजिक्सवाले तिथे सारखे येत-जात असतात, मराठी घरंही अधूनमधून भेटतात), आणि त्रिएस्तेहून ह्रास्तोवल्येला गाडीने अर्ध्या-पाऊण तासात पोचता येतं, मध्ये देशाची हद्द लागते पण शेंगेनमुळे, म्हणजे युरोपातल्या खुल्या सीमांच्या करारामुळे, तेव्हा कोणी थांबवत नसे.

गावात शिरताना चर्च दिसत नाही. दिसते ती एक उंच दगडी तटबंदी, कोपऱ्यांवर बुरूज, आणि तटावरून डोकावणारं घंटेच्या मनोऱ्याचं टोक. आपल्याला वाटतं की आत काहीतरी गढी असणार. फाटकातून आत गेलं की मग कळतं की एवढा सगळा तट एका छोट्याशा चर्चसाठी आहे, होली ट्रिनिटीचं चर्च, दगडी फरशांचं छप्पर, बाहेरून अगदी साधं, कसलीही सजावट नाही. हे चर्च कधीचं यावर जाणकारांचं एकमत नाही, काही जण 12व्या-13व्या शतकातलं म्हणतात तर काही त्याहून बरंच अलीकडचं. तट मात्र 16व्या शतकातला. 1470च्या दशकापासून ऑटोमन घोडेस्वारांच्या धाडी या भागात यायला लागल्या होत्या, धान्य, गुरं आणि माणसं पळवून न्यायचे, शिवाय हे गाव व्हेनिसच्या हद्दीत पण ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग राजघराण्याची हद्द अगदी उशाशी, त्यामुळे त्या दोघांची भांडणंही याच्याच अंगणात. 1615 ते 1617 च्या त्यांच्यातल्या उस्कोक युद्धात इस्त्रियाची, म्हणजे हे गाव ज्या द्वीपकल्पात येतं त्याची, गावंच्या गावं उजाड झाली. अशा वेळी गावकरी आपली पोरंबाळं, बकऱ्या, धान्याची पोती घेऊन या तटाच्या आत यायचे. म्हणजे देवाचं घर हेच गावाचं लपायचं ठिकाण. हे लक्षात ठेवून आत गेलं ना की ती चित्रं वेगळीच दिसायला लागतात, कारण ती बघणारे लोक कोण होते हे आपल्याला कळलेलं असतं.

पण मी अजून मागे जाणार आहे, कारण मला जी गोष्ट सगळ्यात जास्त भिडली ती या चित्रांच्याही जवळजवळ सातशे वर्षं आधीची आहे.

सन 804. इस्त्रिया नुकताच बायझंटाइन साम्राज्याकडून फ्रँक लोकांच्या ताब्यात आलेला. त्यांच्या शार्लमेन बादशहाने योहान नावाचा ड्यूक इथे नेमला आणि त्या ड्यूकने लोकांना इतकं पिळलं की तक्रारी थेट बादशहापर्यंत गेल्या. मग बादशहाचे दूत आले आणि याच रिझानाच्या खोऱ्यात सभा भरली. इस्त्रियाच्या गावागावांचे 172 प्रतिनिधी जमले आणि त्यांनी ड्यूकसमोरच त्याच्याविरुद्धच्या तक्रारींचा पाढा वाचला. त्या सभेचा लॅटिन दस्तऐवज आजही उपलब्ध आहे, इतिहासात तो रिझानाची सभा म्हणून ओळखला जातो. त्यात एक तक्रार अशी आहे की ड्यूकने आमच्या जमिनींवर स्लाव लोक आणून बसवलेत, ते आमची शेतं नांगरतात, आमच्या कुरणातलं गवत कापतात, आमच्या गायरानात गुरं चारतात, आणि आमच्याच जमिनीचा खंड त्या योहानला देतात.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ तिथेच अडकले होते. तक्रार करणारे लोक जुने, शहरातले, लॅटिन बोलणारे, त्यांची बाजूही खोटी नव्हती, त्यांच्या सामाईक जमिनी गेल्या होत्या. पण ज्यांच्याबद्दल तक्रार आहे त्यांचं या कागदात काय दिसतं? त्यांचा राजा नाही, सरदार नाही, एकाचंही नाव नाही. फक्त त्यांची कामं. नांगरतात, कापतात, चारतात, खंड भरतात. आजच्या स्लोव्हेन इस्त्रियातल्या खेड्यांचे जे पूर्वज, ते इतिहासाच्या कागदावर असे येतात, हातातल्या कामासकट, आणि तेही दुसऱ्याच्या तक्रारीतून.

आता या कागदावरून सरळ 1490 ला या.

कुबेद या शेजारच्या गावच्या टोमिच व्र्होविच नावाच्या धर्मगुरूने ह्रास्तोवल्येचं हे चर्च रंगवून घ्यायचं ठरवलं. चित्रकार बोलावला तो कास्ताव गावचा, योहान, स्लोव्हेन लोक त्याला यानेझ म्हणतात. कास्ताव हे आजच्या क्रोएशियात रिएकाजवळ आहे आणि त्या काळी तिथे चित्रकारांची चांगली परंपरा होती, इस्त्रियातच बेराम या गावी 1474 मध्ये व्हिन्सेंट नावाच्या कास्तावच्याच दुसऱ्या चित्रकाराने मृत्यूच्या नाचाचं चित्र काढलेलं आहे. हे सगळं आपल्याला कळतं ते भिंतीवरच्या लॅटिन आणि ग्लागोलिती लिपीतल्या मजकुरामुळे. ग्लागोलिती ही स्लाव लोकांची 9व्या शतकातली जुनी लिपी, बाकी पश्चिम युरोपात लॅटिनमध्ये प्रार्थना चालायची तेव्हा इथले गावठी धर्मगुरू आपल्या भाषेत, आपल्या लिपीत प्रार्थना म्हणायचे. चित्रांवर नंतरच्या लोकांनी टोकदार काहीतरी घेऊन कोरलेल्या ग्लागोलिती ओळीही आहेत, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी खरडलेल्या.

तर यानेझने काय केलं, त्याने एक इंच भिंत मोकळी सोडली नाही. मधल्या दालनाच्या छतावर जगाची निर्मिती, दिवसांच्या क्रमाने, मग आदम आणि ईव्ह, त्यांची बागेतून हकालपट्टी. मागच्या अर्धगोल कोनाड्यात ट्रिनिटी आणि ख्रिस्ताचे शिष्य. उत्तरेच्या भिंतीवर तीन राजांची लांबच लांब मिरवणूक, घोडे, नोकरचाकर, सगळे बाळ येशूला बघायला निघालेत. दक्षिणेच्या भिंतीवर वरच्या पट्ट्यात ख्रिस्ताच्या शेवटच्या दिवसांचे प्रसंग आणि त्याच्याखाली तो प्रसिद्ध मृत्यूचा नाच.

त्या नाचात अकरा माणसं आहेत. उजव्या टोकाला मृत्यू स्वतः सिंहासनावर बसलाय, शेजारी उघडी कबर, आणि त्याच्या दिशेने सगळ्यांची रांग चाललीय. पोप आहे, राजा आहे, राणी आहे, कार्डिनल आहे, बिशप आहे, भिक्षू आहे, पैसेवाला आहे, तरुण माणूस आहे, कुबडी घेतलेला अपंग भिकारी आहे आणि सगळ्यात शेवटी पाळण्यातून नुकतं उठवलेलं लहान मूल. पोप सगळ्यात पुढे, म्हणजे कबरीच्या सगळ्यात जवळ. पैसेवाल्याचा हात थैलीकडे गेलाय, त्याला वाटतंय काहीतरी देऊन सुटता येईल. सांगाडे त्याच्याकडे बघत पण नाहीत असं मला वाटलं. ही कल्पना यानेझची स्वतःची नव्हे, पॅरिसच्या एका कब्रस्तानाच्या भिंतीवर 1424-25 मध्येच असा नाच रंगवला गेला होता आणि तिथून ती युरोपभर पसरली, 1348च्या प्लेगनंतर लोकांच्या मनात मरण किती घट्ट बसलं होतं ते त्यातून दिसतं. पण पॅरिसची भिंत 1669 मध्ये पाडली गेली. आणि ही, दीडशे माणसांच्या गावातली, उभी आहे.

आणखी एक, हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नाही, तिथे उभं राहून जाणवलं. दोन भिंती समोरासमोर आहेत आणि दोन्हींवर माणसं रांगेने चाललीत. एकीकडे जन्माकडे, दुसरीकडे मरणाकडे. चर्च इतकं लहान आहे की मधे उभं राहिलं तर दोन्ही मिरवणुकांच्या मधोमध आपण. मग साहजिक प्रश्न येतो की या दोघांच्या मधल्या काळात माणूस काय करतो, आणि त्याचं उत्तर यानेझने वर काढून ठेवलंय. काम करतो. जानेवारी ते डिसेंबर, पुन्हा जानेवारी ते डिसेंबर.

बारा महिन्यांची चित्रं काढायची पद्धत तेव्हा युरोपात सगळीकडे होती, मोठ्या कॅथेड्रलच्या दारांवर कोरलेली असतात, श्रीमंतांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात सोन्याच्या रंगात काढलेली असतात. पण श्रीमंताच्या पुस्तकातला शेतकरी हा त्या श्रीमंताला बघायला काढलेला असतो. इथे जे बघणारे होते तेच चित्रात होते. बहुतेकांना वाचता येत नव्हतं. रविवारी प्रार्थनेला उभं राहून वर बघितलं की थंडीत शेक घेणारा माणूस, वेलाची छाटणी करणारा माणूस, पीक कापणारा माणूस. म्हणजे काल आपण जे केलं आणि उद्या जे करायचंय तेच, देवाच्या घराच्या छतावर, जगाच्या निर्मितीच्या शेजारी त्याच उंचीवर. 804 मध्ये ज्यांचं नांगरणं आणि गवत कापणं हा तक्रारीचा विषय होता, त्यांच्याच वंशातल्या माणसांच्या डोक्यावर तेच कष्ट पूजेच्या जागी आले. यानेझच्या मनात हे असेल असं मी म्हणत नाही, त्याला रिझानाच्या सभेची काही कल्पना असण्याचं कारण नाही. पण मला हे दोन्ही एकत्र दिसतं, आणि आता ते वेगळं करता येत नाही.

त्यातल्या छाटणीच्या चित्रापुढे मी सगळ्यात जास्त थांबले. आमचं घर निफाडकडचं, द्राक्षबागेवर मोठे झालो आम्ही. आमच्याकडे वर्षातून दोनदा छाटणी, एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि दोन्ही वेळेला घरातलं वातावरण परीक्षेसारखं असतं. किती डोळे ठेवायचे, काडी कुठे तोडायची, यावर सगळ्या वर्षाचं गणित. इस्त्रियात वेल थंडीत स्वतःहून झोपतो, त्यामुळे त्यांची छाटणी एकदाच, हिवाळा संपता संपता, कोंब फुटायच्या आधी. वेळ वेगळी, हवा वेगळी, पण वेलासमोर वाकून उभं राहायची पद्धत, पाठीचा तो कोन, तो मला लगेच ओळखू आला. माझ्या काकांची पाठ अशीच दिसते. आजही खाली खोऱ्यात माल्व्हाझिया आणि रेफोश्क या द्राक्षांच्या बागा आहेत आणि मार्चच्या सुमारास तिथे माणसं अशीच वाकलेली दिसतात.

ऑलिव्हचं मात्र त्यांना फार सोसावं लागलं. 1929 ची थंडी इस्त्रियात अजून सांगतात, झाडंच्या झाडं बुंध्यापर्यंत मेली. पुन्हा 1956, पुन्हा 1985. ऑलिव्हचं झाड बुडापासून परत फुटतं पण तेल मिळायला कित्येक वर्षं जातात, आणि मधल्या काळात पोट थांबत नाही. त्यामुळे एका पिकावर भरवसा ठेवून इथे कोणीच जगलेलं नाही, आणि घरात रोख पैसा आणायचं काम पिढ्यान् पिढ्या बायकांनी केलंय.

हा भाग छतावर नाहीये. तो मी इथे लिहिते.

कोपरच्या मागच्या टेकड्यांमधल्या या बायकांना शाव्रिंका म्हणतात. ग्राचिश्चे, कुबेद आणि आजूबाजूच्या गावांतल्या बायका गाढव घेऊन, नाहीतर डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर टोपली ठेवून, इस्त्रियाच्या आतल्या खेड्यांत जायच्या, घरोघर फिरून अंडी गोळा करायच्या, आणि ती अंडी त्रिएस्तेच्या बाजारात नेऊन विकायच्या. येताना साखर, कॉफी, मिरे, सुया, दोरा, कापड, जे खेड्यात मिळत नाही ते आणायचं आणि पुढच्या फेरीला अंड्यांच्या बदल्यात द्यायचं. सगळं पायी. चढउताराचा रस्ता, बुरा वारा, आणि डोक्यावर अंडी. कोणी दूध न्यायच्या, कोणी पाव, कोणी त्रिएस्तेच्या घरांतले कपडे धुवायला आणायच्या. घरी पोरं सासूकडे. आज ह्रास्तोवल्येमध्ये शाव्रिंकेचा पुतळा आहे, तो योझे पोहलेन या शिल्पकाराने केलाय, त्याच्याबद्दल खाली येतंच.

त्रिएस्ते तेव्हा ऑस्ट्रियाचं मोठं बंदर. 1719 पासून खुलं बंदर, जगभरचा माल तिथे उतरायचा. 1869 ला सुएझ कालवा सुरू झाल्यावर तिथल्या ऑस्ट्रियन लॉईड कंपनीच्या आगबोटी थेट मुंबईपर्यंत यायला लागल्या. म्हणजे आपल्याकडचा कापूस ज्या धक्क्यावर उतरत होता त्याच शहराच्या बाजारात या बायका अंडी मांडून बसत होत्या. त्यांनी घरी नेलेल्या पुड्यातले मिरे कुठून आले असतील याचा विचार मी त्रिएस्तेच्या जुन्या धक्क्यावरून चालताना बरेचदा केलाय.

चर्चची किल्ली गावातल्या एका बाईंकडे असते. दारावर फोन नंबर लिहिलेला असतो, फोन केला की त्या चालत येतात. माझी मोडकीतोडकी इटालियन आणि त्यांची अस्खलित इटालियन, त्यावर आमचं बोलणं. मी इटालियनचं कौतुक केलं तर म्हणाल्या, आमच्या आईला शाळेत दुसरी भाषा बोलायची परवानगीच नव्हती. हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, पण त्याच्यामागे काय आहे ते बघायला पाहिजे. पहिल्या महायुद्धानंतर, 1920 च्या रापालो करारानं हा प्रदेश इटलीकडे गेला. मग मुसोलिनी आला. 1923 पासून शाळांतून स्लोव्हेन भाषा काढायला सुरुवात झाली, वर्गामागून वर्ग, आणि काही वर्षांत शाळेत ती उरलीच नाही. मग लोकांची आडनावं बदलून इटालियन केली गेली. गावाचं कागदावरचं नाव क्रिस्तोल्ये, लिहायचं इटालियन पद्धतीने. स्लोव्हेन संस्था बंद, वाचनालयं बंद. घरात, शेतात आणि काही ठिकाणी चर्चमध्ये तेवढी भाषा राहिली. एवढ्या छोट्या गावात, जिथे पिढ्यान् पिढ्या एकच भाषा, तिथल्या पोराला शाळेत तोंड उघडायची भीती, आणि हे एक-दोन वर्षं नाही, जवळजवळ वीस वर्षं. मला या गोष्टीचा राग येतो आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

युद्ध संपलं, युगोस्लाव्हियाचा अंमल आला. आणि आता योझे पोहलेन. हा ह्रास्तोवल्येचाच, 1926 चा जन्म, पुढे शिल्पकार आणि चित्रकार म्हणून नाव झालं, 2005 मध्ये गेला. 1949 मध्ये, म्हणजे वयाच्या विशीतच, त्याच्या लक्षात आलं की आपल्या गावच्या चर्चच्या पांढऱ्या भिंतीच्या आत काहीतरी आहे. चुन्याच्या थरांखाली रंग होता. यानेझची सगळी चित्रं नंतरच्या काळात कधीतरी चुन्याने झाकून टाकली गेली होती, थरावर थर, आणि कितीतरी पिढ्या त्या कोऱ्या भिंतींमध्ये प्रार्थना करून गेल्या, त्यांना ना सांगाडे माहीत ना महिने. पोहलेनने दाखवल्यावर मग जाणकार आले आणि 1950च्या दशकात इंचाइंचाने चुना काढून चित्रं मोकळी केली.

मला या प्रसंगात दोन गोष्टी फार मोलाच्या वाटतात. एक म्हणजे शोधणारा बाहेरचा नव्हता. कोणी व्हिएन्नाचा नाहीतर रोमचा प्रोफेसर येऊन त्याने गावाला सांगितलं नाही की तुमच्याकडे काय आहे. गावचा पोरगा, ज्याच्या बालपणात शाळेत त्याची भाषा बंद होती, त्याने आपल्याच भिंतीत आपल्याच पूर्वजांची लिपी उघडी पाडली. दुसरं म्हणजे तेव्हाचं सरकार कम्युनिस्ट होतं, धर्माशी त्याचं काही सख्य नव्हतं, तरी एका खेड्यातल्या चर्चच्या चित्रांवर वर्षानुवर्षं काम होऊ दिलं. भिंतीवर पोपच सगळ्यात आधी कबरीकडे चाललाय याचा त्यात काही वाटा असेलही, पण माझ्या मते तरी ते काम करणाऱ्यांच्या चिकाटीचं फळ आहे.

गाव मात्र त्याच काळात रिकामं होत गेलं. नवीन सीमा आखल्या गेल्या, त्रिएस्ते इटलीत राहिलं आणि अंड्यांच्या टोपल्या घेऊन जायची वाट तुटली. कोपर शहरातून हजारो इटालियन लोक इटलीला निघून गेले, ती घरं, ती कामं रिकामी झाली. खाली मोपेड बनवणारी तोमोसची फॅक्टरी 1950च्या दशकात सुरू झाली, 1957 ला कोपरचं बंदर, 1967 ला बंदरापर्यंत रेल्वे. पगार खाली शहरात, वर दगडी जमीन. कोण थांबणार? दोष तरी कोणाला द्यायचा, आमच्या बाजूच्या गावांतही हेच बघतोय आम्ही.

ती 1967 ची रेल्वे ह्रास्तोवल्येच्या अगदी जवळून जाते. एकेरी मार्ग, कड्यावरून वळणं घेत खाली उतरणारा, आणि कोपर बंदराचा रेल्वेने जाणारा सगळा माल त्यावरून. चर्चच्या आवारात उभं असलं की मालगाडीचा आवाज येतो, बराच वेळ येत राहतो. 2019 च्या जूनमध्ये याच भागातल्या दोल नावाच्या बोगद्यात मालगाडीचे डबे घसरले आणि साधारण 10,000 लिटर केरोसीन जमिनीत गेलं. आता हा प्रदेश चुनखडीचा, म्हणजे खाली सगळी भोकं आणि भुयारं, वर सांडलेलं कुठे जाऊन निघेल सांगता येत नाही, आणि स्लोव्हेन किनाऱ्यावरच्या गावांना पिण्याचं पाणी मुख्यतः रिझानाच्या झऱ्यातून मिळतं. दूषित माती ट्रकच्या ट्रक खणून न्यावी लागली. किल्लीवाल्या बाई चित्रांबद्दल जेवढं बोलल्या त्याच्यापेक्षा या पाण्याबद्दल जास्त बोलल्या आणि ते मला अगदी बरोबर वाटलं. ज्या नदीच्या काठावर 804 मध्ये सभा भरली तीच नदी आजही नळाला येते, मग तिची काळजी हा वारशाचाच भाग नाही का. दिवाचा ते कोपर असा 27 किलोमीटरचा नवीन मार्ग 2021 मध्ये बांधायला घेतला, बहुतेक बोगद्यांतून जाणारा, त्यामुळे मोठ्या मालगाड्यांचा भार या जुन्या वाटेवरून हलावा अशी लोकांची अपेक्षा आहे.

चर्चमध्ये गेल्यावर रेकॉर्ड केलेली माहिती लावतात, वेगवेगळ्या भाषांत आहे. तिच्यात महिन्यांचा उल्लेख येतो पण सांगाड्यांच्या मानाने फारच थोडका. माझी तिथल्या लोकांना एकच विनंती असेल की छतावरच्या प्रत्येक महिन्याखाली बसून बघता येईल असा एखादा बाक ठेवा, आरसे ठेवा, काहीही करा, पण लोकांना वर बघायला लावा. मान दुखते हे खरं आहे. म्हाताऱ्या माणसांना तर शक्यच होत नाही, माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना मी फोनवर झूम करून एकेक महिना दाखवला, आणि त्या दर चित्राला हा आत्ता काय करतोय, आपल्याकडे हे कधी करतात, असं विचारत होत्या. सांगाडे बघून मात्र त्या काही बोलल्या नाहीत, पाळण्यातल्या मुलाशी थांबल्या आणि पुढे गेल्या.

कोणाला जायचंच असेल तर त्रिएस्ते किंवा कोपरहून गाडी घ्या, बस फारशा नाहीत. किल्लीसाठी आधी फोन करा आणि त्या येईपर्यंत तटाच्या बाहेरून एक चक्कर मारा, दगड हाताने बघा. शक्य असेल तर मार्चमध्ये जा, तेव्हा गर्दी नसते आणि खाली बागांमध्ये छाटणी चालू असते, आधी ती बघा आणि मग आत जाऊन छतावरची.